'स्टेबल' आहे म्हणजे नक्की काय आहे? बधिर करणाऱ्या क्रीमच्या पेपर्सबद्दल एक तक्रार

लहान मुलाला सलाइन लावायचं असलं की काही रुग्णालयांत नर्स तासभर आधी हाताच्या मागच्या बाजूला पांढऱ्या क्रीमचा जाड थर देते, वर पारदर्शक पट्टी चिकटवते आणि आईला सांगते, "तासाभराने या." तासाने ती जागा बधिर झालेली असते आणि सुई फारशी कळत नाही. लेसरने केस काढतात किंवा टॅटू काढतात तिथेही अशीच क्रीम्स वापरली जातात.

माझ्या पीएचडीचा विषय याच्याच आसपासचा आहे: त्वचेवर लावलेलं औषध आत कसं जातं. त्यामुळे 'फार्मसीत बनवलेल्या बधिरक क्रीमची स्थिरता' अशा अर्थाच्या मथळ्याचे पेपर मी ढिगाने वाचलेत. सुरुवातीला आदराने वाचले, मग सवयीने, आणि आता थोड्या रागाने वाचते. हा राग कशाचा ते आज सांगते. केमिस्ट्री लागेल, पण बारावीच्या पलीकडची नाही.

आधी एक शब्द. कंपाउंडिंग म्हणजे कारखान्यातून आलेली ट्यूब न देता फार्मासिस्टने डॉक्टरच्या चिठ्ठीप्रमाणे औषध स्वतः तयार करून देणं. आपल्याकडे हे काम जवळपास संपलं, फक्त 'कंपाउंडर' हा शब्द मागे राहिला. दवाखान्यात बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवून, "एका वेळी एक खूण" असं सांगून लाल औषध देणारे कंपाउंडर काका आपल्या आईवडिलांना आठवतील. अमेरिकेत मात्र कंपाउंडिंग फार्मसी हा आजही मोठा व्यवसाय आहे, आणि बधिर करणारी क्रीम्स हा त्यातला चालणारा माल आहे. म्हणून या पोस्टमधली बरीचशी गोष्ट तिकडची आहे.

अमृतधारा आणि स्वीडनचं क्रीम

टीका करायची तर आधी चांगलं काम कसं असतं ते दाखवायला हवं.

लिडोकेन हे औषध स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी १९४३ मध्ये बनवलं. अ‍ॅस्ट्रा कंपनीने ते १९४८ मध्ये झायलोकेन नावाने बाजारात आणलं. इंजेक्शन म्हणून ते उत्तम चाललं. पण धड त्वचेवर नुसतं चोळून फारसं काही होत नव्हतं. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा मृत थर जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाडीचा असतो, तरी तोच खरा दरवाजा. त्याच्यातून औषध जायला दोन गोष्टी लागतात: रेणूवर विद्युतभार नको, आणि औषध विरघळलेल्या किंवा द्रवरूपात भरपूर हवं. लिडोकेनचा भाररहित प्रकार म्हणजे बेस. तो घन असतो, सुमारे ६८ अंशांना वितळतो. तो तेलात विरघळवून क्रीम करायला गेलं तर तेलाच्या थेंबात औषध जेमतेम २० टक्क्यांपर्यंत मावतं.

इथे अ‍ॅस्ट्राच्या लोकांनी जे केलं ते आपल्या घरात आधीपासून आहे. कापूर, ओव्याचं फूल आणि पेपरमिंट हे तीन कोरडे खडे एका बाटलीत घालून हलवा. थोड्या वेळात बाटलीत द्रव दिसतो. पाणी नाही, तेल नाही, आच नाही. हीच अमृतधारा. दोन-तीन घन पदार्थ एकमेकांच्या स्फटिकांची घडी बसू देत नाहीत, त्यामुळे मिश्रणाचा वितळणबिंदू प्रत्येकाच्या स्वतःच्या वितळणबिंदूपेक्षा खाली येतो. याला यूटेक्टिक मिश्रण म्हणतात.

लिडोकेन ६८ अंशांना वितळतं आणि त्याचा भाऊबंद प्रिलोकेन ३८ च्या आसपास. दोन्ही समान वजनाने एकत्र केले की मिश्रण साधारण १८ अंशांना वितळतं, म्हणजे खोलीच्या तापमानाला ते तेलासारखं असतं. आर्ने ब्रोडिन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये या जोडीचा फेज डायग्रॅम, म्हणजे कुठल्या प्रमाणात आणि कुठल्या तापमानाला मिश्रण घन असेल नि कुठे द्रव याचा नकाशा, प्रसिद्ध केला. आता वेगळ्या तेलाची गरजच उरली नाही, औषधच तेल झालं. त्याचं पाण्यात इमल्शन केलं की थेंबातलं औषध २० वरून ८० टक्क्यांच्या आसपास जातं, आणि क्रीममध्ये मात्र दोन्ही मिळून फक्त ५ टक्के औषध. हेच एम्ला क्रीम. अमेरिकेत त्याला १९९२ मध्ये मान्यता मिळाली.

मला या कामातली आवडलेली गोष्ट अशी की त्यांनी 'किती टक्के घालू' हा प्रश्न बाजूला ठेवला आणि 'औषध कुठल्या अवस्थेत आहे' हा विचारला. क्रीमचा सामू सुमारे ९ ठेवला आहे. लिडोकेनचा पीकेए ७.९ आहे, त्यामुळे सामू ९ ला नव्वद टक्क्यांहून जास्त रेणू भाररहित असतात. तोच सामू ५.५ केला तर हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली जातं. शिवाय त्याच सामूमुळे कार्बोपॉल फुगून क्रीमला घट्टपणा येतो. आणि त्याच सामूमुळे जंतूही वाढत नाहीत; एम्लामध्ये वेगळं प्रिझर्वेटिव्ह घातलेलंच नाही. एका आकड्यावर तीन कामं टेकलेली आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पेपरचा साचा

आता फार्मसीत बनवलेल्या क्रीमच्या स्थिरतेचा नेहमीचा पेपर घ्या. साचा ठरलेला आहे. क्रीमचा एक घाणा करायचा. डब्यांमध्ये भरून काही फ्रिजमध्ये, काही खोलीत, काही ४० अंशांच्या कपाटात ठेवायच्या. शून्याव्या, सातव्या, चौदाव्या, तिसाव्या, साठाव्या, नव्वदाव्या दिवशी नमुना काढायचा, एचपीएलसी यंत्रावर औषध किती उरलं ते मोजायचं. ९० टक्क्यांच्या वर असेल तर शेवटी एक वाक्य: क्रीम इतके दिवस स्टेबल आहे.

यात खोटं काही नाही. मोजमाप चांगलं असतं, आलेख नीटनेटके असतात. माझी तक्रार अशी की बऱ्याचदा जे बिघडणारच नव्हतं तेच मोजलं जातं.

लिडोकेन हा अमाइड आहे. त्याच्या बेंझीन कड्यावर अमाइड बंधाच्या दोन्ही बाजूंना एकेक मिथाइल गट उभा असतो, दारावर दोन पहारेकरी उभे असावेत तसा. पाण्याच्या रेणूला त्या बंधापर्यंत पोहोचायला जागाच मिळत नाही. आम्लात उकळलं तरी लिडोकेन सहज फुटत नाही. असा रेणू क्रीममध्ये तीन महिने टिकला हे सिद्ध करणं म्हणजे लोखंडी कढई पावसाळ्यात विरघळली नाही असं सिद्ध करण्यासारखं आहे. विरघळणार नव्हतीच. गंज चढला का, ते सांगा.

क्रीमला गंज चढतो तो वेगळ्या ठिकाणी. थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात. दूध फाटतं तसं क्रीम फाटतं, पाणी सुटतं. औषध स्फटिक होऊन बाहेर पडतं. सामू सरकतो. पाण्याच्या भागात बुरशी येते. यांपैकी एकही गोष्ट 'औषध किती उरलं' या आकड्यात दिसत नाही.

का दिसत नाही, हे मी स्वतः शिकले ते फजिती होऊन. दुसऱ्या वर्षी मी लिडोकेन-प्रिलोकेनचं प्रमाण बदलून काही क्रीम्स करून बघत होते. एकात लिडोकेन बरंच जास्त होतं. महिन्याने मोजलं तर औषध ९९ टक्के! मी खूश. आमच्या लॅबमधल्या एका सीनियर ताईंनी डबी उघडली, बोटावर घेऊन चोळलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तर रव्यासारखं लागतंय." मायक्रोस्कोपखाली ठेवलं, तर ध्रुवित प्रकाशात सुया चमकत होत्या. समान प्रमाणापासून दूर गेलं की वितळणबिंदू वर चढतो, जादाचं लिडोकेन स्फटिक होतं. ब्रोडिन यांच्या नकाशात हे लिहिलेलंच होतं. त्यात आमच्या यंत्राच्या खोलीचा एसी रात्रंदिवस सोळावर.

मग एचपीएलसीला हे कसं कळलं नाही? कारण यंत्रात घालायच्या आधी नमुना मी मिथेनॉलमध्ये विरघळवला होता. म्हणजे स्फटिक होते, आणि मोजण्याआधी मीच ते पुसून टाकले. पद्धतीतच पुरावा नष्ट करण्याची सोय होती. स्फटिकातलं औषध त्वचेच्या दृष्टीने जवळपास गैरहजर असतं, आणि माझ्या वहीत मात्र ते शंभरातलं नव्याण्णव हजर होतं.

आणखी एक. 'किती उरलं' मोजणं आणि 'काय तयार झालं' मोजणं यांत फरक आहे. प्रिलोकेनच्या कड्यावर पहारेकरी एकच आहे. ते फुटलं तर ऑर्थो-टोल्युइडिन तयार होतं. हा पदार्थ आयएआरसीच्या कर्करोगजनक पदार्थांच्या गट १ मध्ये आहे, म्हणून तो सूक्ष्म प्रमाणातच चालवून घेता येतो. मोजमापातली एक-दोन टक्क्यांची चूक आपण सगळे सहज माफ करतो. पण त्या एक टक्क्यात नक्की काय आहे, हे न सांगता '९९ टक्के' लिहिणं पुरेसं नाही. चांगले पेपर हे शोधतात, सगळे नाही.

बेस की मीठ?

इतकी साधी गोष्ट आहे की लिहायला संकोच वाटतो, पण कित्येकदा पेपर वाचून हे कळत नाही की वापरलेलं लिडोकेन बेस होतं की हायड्रोक्लोराइड मीठ. नुसतं '५ टक्के लिडोकेन'.

लिडोकेन बेसचा रेणुभार २३४ आहे आणि पाण्याचा एक रेणू धरून बसलेल्या हायड्रोक्लोराइडचा २८९. म्हणजे ५ टक्के मीठ तोललं तर आत बेस फक्त ४ टक्क्यांच्या आसपास. हा हिशोबाचा फरक झाला. खरा फरक पुढे आहे. मिठाचे रेणू भारित असतात, ते त्या वरच्या थरातून नीट जात नाहीत. दोन मिठांचं असं खोलीच्या तापमानाला वितळणारं यूटेक्टिक होत नाही. आणि कार्बोपॉलच्या जेलमध्ये असं मीठ घातलं की जेल ढिलं पडतं, कारण भारित कण त्याचा फुगीरपणा मोडतात. म्हणजे एम्लाचे घटक 'जसेच्या तसे', टक्केही तेच, फक्त बाटली मिठाची उचलली, तर क्रीमचा पायाच गेला. तरी एचपीएलसी सांगणार: स्टेबल.

टेट्राकेन आलं की दोरी दोन्हीकडून ओढली जाते

अमेरिकेतल्या कंपाउंडिंग फार्मसींमध्ये एक प्रसिद्ध त्रिकूट आहे: बेंझोकेन २०, लिडोकेन ६ आणि टेट्राकेन ४ टक्के. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला बीएलटी म्हणतात.

यातलं टेट्राकेन एस्टर आहे आणि एस्टर पाण्यात फुटतो. सामू वाढवला की जास्त वेगाने फुटतो. सामू कमी ठेवला तर तो टिकतो, पण मग भारित होऊन त्वचेबाहेरच बसतो. टिकायला आम्ल हवं, आत शिरायला आम्लारी. ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या ४ टक्के टेट्राकेनच्या जेलवर 'फ्रिजमध्ये ठेवा' ही सूचना असायची ती याच ओढाताणीमुळे. बेंझोकेनही एस्टरच.

म्हणजे लिडोकेनला सोयीचा सामू ९ टेट्राकेनला मारक, आणि टेट्राकेनसाठी सामू उतरवला की जंतूंपासूनचं संरक्षणही गेलं, वेगळं प्रिझर्वेटिव्ह आलं. एका आकड्यावर तीन कामं टेकलेली होती म्हटलं, ते यासाठी. इथे स्थिरतेचा अभ्यास खरोखर गरजेचा आहे, कारण बिघडू शकेल असं काहीतरी आत आहे. पण पाणी असलेलं क्रीम आणि पाणी नसलेलं मलम यांत टेट्राकेनचं आयुष्य सारखं नसतं, आणि एका आधारद्रव्यात मिळालेले दिवस दुसऱ्याच्या डबीवर छापता येत नाहीत.

अमेरिकेच्या यूएसपी ग्रंथाच्या ७९५ व्या प्रकरणाची नवी आवृत्ती १ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाली. ती हाच भेद करते. वेगळा अभ्यास नसेल तर पाणी असलेल्या, प्रिझर्वेटिव्ह घातलेल्या तयारीला जास्तीत जास्त ३५ दिवस, आणि घन किंवा निर्जल प्रकारांना १८० दिवसांपर्यंत. रासायनिक अभ्यास असेल तर पाण्याच्या तयारीलाही १८० पर्यंत जाता येतं. नियम शहाणा आहे. पण त्यामुळे पेपरला बाजारभाव आला, हेही खरं. ३५ चे १८० दिवस करून देणारा पेपर फार्मसीसाठी पैशांचा असतो. ज्याला १८० हवेत, तो रव्यासारखं लागतंय का हे बोटाने बघायला उत्सुक नसतो.

टक्के म्हणजे डोस नव्हे

इथपर्यंत कोणाला वाटेल की हे सगळं प्रयोगशाळेतलं भांडण आहे. क्रीम बिघडलं तर फार तर सुई दुखेल. तसं नाही.

फेब्रुवारी २००७ मध्ये एफडीएने एक जाहीर सूचना काढली. त्यात दोन तरुणींचा उल्लेख आहे, एक २२ वर्षांची, दुसरी २५ वर्षांची. दोघींनी लेसरने केस काढण्याआधी पायांना बधिर करणारं क्रीम लावलं. सांगितलं होतं त्याप्रमाणे वर प्लास्टिक गुंडाळलं. दोघींना झटके आले, दोघी कोमात गेल्या आणि वारल्या. क्रीममध्ये लिडोकेन आणि टेट्राकेन मोठ्या प्रमाणात होतं. दोघींनी कुठलाही आडमुठेपणा केला नव्हता. सांगितलं तसंच केलं होतं.

त्याच्या दोनेक महिने आधी, डिसेंबर २००६ मध्ये, एफडीएने पाच फार्मसींना इशारे दिले होते: एका रुग्णाच्या चिठ्ठीवर औषध करण्याऐवजी ठरलेल्या साच्याची तीव्र क्रीम्स बनवून विकता आहात, थांबवा. त्या पाचांत न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटर होतं. सहा वर्षांनी, २०१२ मध्ये, त्याच संस्थेच्या बुरशीने दूषित इंजेक्शनांमुळे मेंदूच्या आवरणाला संसर्ग होऊन साठाहून अधिक लोक दगावले आणि २०१३ मध्ये तिकडे नवा कायदा झाला. क्रीमचा इशारा गंभीरपणे घेतला असता तर पुढचं टळलं असतं असं मी म्हणणार नाही, तो वेगळा बिघाड होता. पण माल म्हणून औषध बनवण्याची सवय तीच होती.

आता माझ्या विषयाचा मुद्दा. शरीरात किती औषध जातं ते फक्त टक्क्यांवर ठरत नाही. किती भागावर लावलं, किती वेळ ठेवलं, वरून झाकलं का, त्वचा धड आहे का, आणि थेंबात औषध किती 'उतावीळ' आहे, या सगळ्यांचा तो गुणाकार असतो. उतावीळ म्हणजे संपृक्ततेच्या किती जवळ. तेच १० टक्के लिडोकेन भरपूर प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये आरामात विरघळलेलं असेल तर त्याला बाहेर पडायची घाई नसते. संपृक्त थेंबातलं ५ टक्के त्याला मागे टाकू शकतं. म्हणून एम्लाच्या माहितीपत्रकात टक्क्यांबरोबर ग्रॅम, चौरस सेंटिमीटर आणि तास लिहिलेले असतात. तीन महिन्यांपर्यंतच्या किंवा ५ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला जास्तीत जास्त १ ग्रॅम, १० चौरस सेंटिमीटरवर, एक तास. कारण प्रिलोकेन शरीरात फुटून रक्तातलं हिमोग्लोबिन मेथेमोग्लोबिनमध्ये बदलू शकतं, आणि ते परत फिरवणारं एन्झाइम तान्ह्या बाळात कमी असतं. बाळ निळसर पडतं.

दोन्ही पाय, प्लास्टिकखाली. हा भाग कुठल्याच स्थिरतेच्या तक्त्यात नाही, नसणारही. पण ते क्रीम त्वचेला औषध किती वेगाने देतं, आणि तीन महिने डबीत राहिल्यावर तो वेग बदलतो का, हे तक्त्यात असायला हवं. पहिल्या दिवशी औषध आधारद्रव्यात निवांत विरघळलेलं होतं, नव्वदाव्या दिवशी थोडं पाणी उडून ते संपृक्त झालं, तर टक्का जवळपास तोच आणि वेग वेगळा. ते क्रीम 'स्टेबल' आहे का?

चांगलं कंपाउंडिंग असतं

हे वाचून कोणी म्हणेल, मग कंपाउंडिंग बंदच करा. अजिबात नाही.

अमेरिकेतल्या मुलांच्या तातडीच्या विभागात, कपाळ फुटून आलेल्या मुलाला टाके घालण्याआधी एलईटी नावाचं जेल किंवा द्रावण जखमेत लावतात: लिडोकेन ४, अ‍ॅड्रेनलिन ०.१, टेट्राकेन ०.५ टक्के. त्याआधी याच कामाला टेट्राकेन, अ‍ॅड्रेनलिन आणि चक्क कोकेन यांचं मिश्रण वापरत. ते ओठांसारख्या ओल्या जागी लागून मुलं दगावल्यावर कोकेन गेलं आणि लिडोकेन आलं. एलईटी रुग्णालयाच्या फार्मसीतच बनवायची पद्धत पडली आणि हजारो मुलांचं रडणं त्याने वाचवलं.

गंमत बघा. एलईटी आम्लधर्मी असतं. मघाच्या हिशोबाने ते निकामी ठरायला हवं. पण ते उघड्या जखमेत लावतात, जिथे तो वरचा मृत थर फाटलेलाच आहे. दरवाजा नाही, मग भाररहित असण्याची सक्तीही नाही. आत गेल्यावर शरीर सामू सांभाळून घेतं. त्यामुळे आम्लाकडे झुकून टेट्राकेन आणि अ‍ॅड्रेनलिन दोन्ही टिकवता येतात. यातला सगळ्यात नाजूक घटक अ‍ॅड्रेनलिन. हवेने आणि उजेडाने ते गुलाबी आणि मग तपकिरी पडतं, म्हणून गडद बाटली, फ्रिज आणि ऑक्सिडीकरण रोखणारं सल्फाइट. १९९० च्या दशकात या मिश्रणाच्या स्थिरतेचा अभ्यास झाला तेव्हा मोजलं गेलं ते नेमकं अ‍ॅड्रेनलिनच. सगळ्यात आधी जे मोडेल त्याच्यावर नजर ठेवली. शिवाय बिघाड झाला तर रंग बदलतो, बाटली हातात घेणाऱ्या नर्सलाही दिसतो.

म्हणून माझ्या मते 'स्टेबल आहे का' हा अर्धाच प्रश्न आहे. कशासाठी, कुठे लावण्यासाठी आणि कुठल्या बिघाडाच्या बाबतीत स्टेबल, हे सोबत हवं.

मग मागणी काय?

'छोट्या फार्मसीला किंवा गरीब लॅबला हे सगळं परवडत नाही' हा प्रतिवाद मला सेमिनारमध्ये मिळाला होता. काही बाबतीत तो खरा आहे. फ्रान्झ सेलवर त्वचेतून जाणारं औषध मोजणं वेळखाऊ आहे. पण बाकीची यादी बघा. क्रीमचा नमुना ध्रुवित प्रकाशाच्या मायक्रोस्कोपखाली बघणं. डबीच्या वरून, मधून आणि तळातून वेगवेगळे नमुने घेणं, ढवळून एक नाही. सामू दर वेळी लिहिणं. थोडं क्रीम सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पाणी सुटतं का बघणं. थंड-गरम थंड-गरम असे चार-पाच फेरे देणं. बेस होतं की मीठ, हे एका शब्दात लिहिणं. यातलं काहीही एचपीएलसीपेक्षा महाग नाही. महागडं यंत्र आहे म्हणून तेच मोजलं, आणि स्वस्त भिंग होतं ते धूळ खात पडलं, असं झालंय.

वाचणाऱ्यांसाठी, म्हणजे पेपर न लिहिणाऱ्या तुमच्यासाठीही दोन गोष्टी. कुठल्याही ठिकाणी लेसरआधी लेबल नसलेल्या डबीतलं क्रीम कोणी पुढे केलं तर आत काय आहे, किती आहे आणि किती भागाला लावायचं, हे विचारा. उत्तर आलं नाही तर लावू नका. आणि मोठ्या भागावर लावून प्लास्टिक गुंडाळायला कोणी सांगितलं तर उठून या. सौम्य वाटणारी गोष्ट त्वचेवरून आत जाते, ती हृदयापर्यंत आणि मेंदूपर्यंत जाते.

माझ्या त्या रवाळ क्रीमची डबी मी फेकलेली नाही. टेबलावर ठेवली आहे, वर तारीख आणि '९९%' असं लिहून. नवीन पेपर वाचायला घेतला आणि शेवटचं वाक्य आवडायला लागलं की ती उघडून एकदा बोटावर चोळते.

पुढच्या पोस्टमध्ये फ्रान्झ सेलबद्दल लिहीन: काचेच्या दोन कप्प्यांमध्ये त्वचेचा तुकडा अडकवून आपण माणसाबद्दल किती बोलू शकतो, आणि कुठे गप्प बसायला हवं.